झंपरातला चुंबक

मित्रांनो, चुंबक म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं शाळेतला लाल-निळा पट्टीचुंबक येत असेल. मी तसला नाही. मी जुना आहे, काळ्या प्लॅस्टिकच्या डबीत बसवलेला आहे, आणि माझ्या एका कडेला चरा पडलेला आहे. टाचण्या उचलून पोरांना हसवायला मला कुणी बनवलं नव्हतं. एका बाईच्या छातीत बसवलेलं यंत्र थांबवायला मला बनवलं होतं. चालवायला नव्हे, थांबवायला. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं माझ्याकडून तुम्ही भलती अपेक्षा करणार नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की माझ्याबरोबरचे चुंबक कुणी मोटारीत गेले, कुणी कर्ण्यात गेले, कुणी कपाटाच्या दारात बसले, आणि मला तेवढं वेगळं काढून स्वच्छ पाकिटात घातलं. मी लई फुगलो. म्हटलं, आपण दवाखान्याचे, आपला मान मोठा! आता त्या फुगण्याची लाज वाटते.

ज्या यंत्राच्या जोडीनं मी आलो ते घड्याळाच्या तबकडीएवढं, चपटं होतं. पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी ते विशाखाताईच्या डाव्या खांद्याखाली, छातीच्या कातडीच्या आत बसवलं. त्यातून निघालेली बारीक तार त्यांनी मानेतल्या एका नसेभोवती गुंडाळली. ती नस मेंदूपर्यंत जाते. दर पाच मिनिटांनी ते यंत्र त्या नसेला अर्धं मिनिट हलकी वीज देतं, मग थांबतं, मग पुन्हा देतं. दिवसा, झोपेत, जेवताना, सगळीकडं. असं महिनोन्‌महिने चाललं तर काही माणसांचा आजार थोडा थोडा उतरतो. घाई केलेली त्याला चालत नाही.

आजार कोणता, तर डिप्रेशन. तुम्हाला परीक्षेत कमी मार्क पडले की वाईट वाटतं, दोन दिवस तोंड पाडून बसता आणि तिसऱ्या दिवशी खेळायला पळता. विशाखाताईचा तिसरा दिवस सहा वर्षं झाली तरी आला नव्हता. ती आळशी नव्हती, लाडावलेली नव्हती, आणि तिला कुणी छळतही नव्हतं. अंगातलं सगळं बळ कुणी उपसून न्यावं तशी ती खाटेवर पडून राहायची. केस विंचरायचे तरी तिला दुपार व्हायची.

करमाडला बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत तिचं घर. नवरा प्रणय शेंद्र्याला एका कंपनीत कामाला. सासू मनकर्णाबाई. घरात माणसं तीनच. मनकर्णाबाई म्हणजे मोठी करारी बाई. सून पडून राहायला लागली तेव्हा शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं असंल, कुणाला तरी दाखव. मनकर्णाबाईनं त्यांना दारातच झापलं.

"बाहेरचं-बिहेरचं काय नाय. बाबासाहेबांनी शिका म्हून सांगितलं ते काय नुसतं फोटोला हार घालायला व्हय? माझ्या सुनेला आजार झालाय. आजाराला डॉक्टर असतोय."

आणि ती सुनेला घेऊन रिक्षा, बस करत शहरात औरंगपुऱ्यातल्या डॉक्टर अमृता मॅडमकडं गेली. एकदा नाही, सहा वर्षं गेली. गोळ्या झाल्या, बदलून झाल्या, दोन-दोन मिळून झाल्या. मॅडम तासभर समोर बसवून बोलायच्या, तेही झालं. मग शॉकचे उपचार झाले. शॉक म्हटलं की तुम्ही घाबराल, पण भूल देऊन करतात, दुखत नाही, आणि कित्येक माणसं त्यानं उठून कामाला लागतात. विशाखाताईसुद्धा दोनदा उठली. दोन्ही वेळा चार-पाच महिन्यांनी पुन्हा खाटेवर गेली. तेव्हा मॅडमनी पुण्याच्या डॉक्टरांशी बोलून, कागदपत्रं करून, हे शेवटचं यंत्र बसवायचं ठरवलं. शेवटचं हा शब्द मॅडम कधी म्हणाल्या नाहीत, पण घरात सगळ्यांना तो ऐकू आला होता.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं तुम्हाला कळायचं नाही. विशाखाताई गायिका होती. बन्सीदादांच्या गायन पार्टीत ती पुढं बसायची. बन्सीदादा पेटीवर, प्रणय ढोलकीवर आणि मधे ही. भीमगीतं गायची. करमाडपासून कन्नडपर्यंत जयंतीच्या मंडपात तिचं नाव पुकारलं की मागची माणसं पुढं सरकायची, असं म्हणतात. मी ते पाहिलेलं नाही, मी नंतर आलो. पण ती गायची थांबली त्या दिवसापासून घरानं तिला आजारी धरलं. "विशाखा कशीय?" असं कुणी विचारलं की मनकर्णाबाई म्हणायची, "गात नाय अजून." तिच्या लेखी दुखणं आणि न गाणं ही एकच गोष्ट होती. प्रणयच्या लेखीही तीच होती, आणि सगळ्या वस्तीच्या लेखीही.

मला मनकर्णाबाईच्या हातात देताना अमृता मॅडमनी नीट समजावलं होतं. "यंत्र वीज देतं तेव्हा आवाज घोगरा होतो. कधी ठसका लागतो. फारच त्रास झाला, किंवा चार माणसांत बोलायचं असलं, तर हा चुंबक छातीवर यंत्राच्या जागी धरायचा. धरलाय तोवर यंत्र थांबतं, काढला की सुरू होतं. पण थोडाच वेळ, बरं का. यंत्र चालू असणं हेच औषध आहे."

"कळलं, मॅडम," मनकर्णाबाई म्हणाली. तिला कळलं होतंच. ती काही अडाणी नव्हती.

पहिले पाच महिने मला काम नव्हतं. मनकर्णाबाई वाकळा शिवायची. जुन्या लुगड्यांचे थर घालून, बारीक टाक्यांची वाकळ. तिची नजर आता कमी झालेली, सुई पडली की बाई अर्धा तास जमीन चाचपायची. एकदा मी तिच्या मांडीजवळ पडलो होतो, आणि हरवलेली सुई टुणकन येऊन मला चिकटली. म्हातारी इतकी हसली! "आगं बया! हे तर लई कामाचं हाय." त्या दिवसापासून तिच्या सुया माझ्या पाठीवर असायच्या. मीही खूश होतो. विशाखाताईसमोर मी एकदा तिच्या बांगडीला अडकवलेली पिन ओढून दाखवली, पण तिनं पाहिलं नाही.

मार्चमध्ये मॅडमनी तिला तपासलं. बरेच प्रश्न विचारले, कागदावर आकडे लिहिले. मग त्या हसल्या. "गुण येतोय. हळू आहे, पण येतोय. असंच चालू राहू दे."

प्रणयनं विचारलं, "पण मॅडम, आवाज?"

"आवाज असाच घोगरा राहील, प्रणय. तेवढं सोसावं लागेल."

गुण येतोय हे कुणी मनावर घेतलंच नाही. आवाज असाच राहील, एवढंच तिघांनी घरी आणलं.

त्याच आठवड्यात बन्सीदादा आले. जयंती जवळ आली होती. ओट्यावर बसून त्यांनी चहा घेतला आणि खाली मान घालून म्हणाले, "विशाखा, यंदा तरी बसशील का गं? नुसतं एक गाणं. तुझ्याबिगर पार्टी अळणी झालीय."

विशाखाताईच्या उत्तराला न थांबता प्रणयनं कोपऱ्यातली ढोलकी पुढं ओढली, बन्सीदादांनी सोबत आणलेली पेटी उघडली, आणि सगळे तिच्याकडं पाहायला लागले. तिनं तोंड उघडलं. पहिली ओळ आली, दुसरी आली, आणि यंत्रानं वीज दिली. आवाज फाटला. कापड फाटावं तसा टर्रकन फाटला. बन्सीदादांची बोटं पेटीवरच थांबली. त्यांनी दुसरीकडं पाहिलं. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात मनकर्णाबाई उठली. तिनं माझ्या पाठीवरच्या सुया काढून पदराला खोवल्या आणि मला विशाखाताईच्या छातीवर दाबून धरलं. "आता म्हण, माय."

ती गायली. मित्रांनो, मी लोखंडाचा जातभाई, मला कान कुठले? पण मी तिच्या हाडाला टेकलेलो होतो. तो आवाज माझ्या अंगातून गेला. स्वच्छ, भरलेला, उंच. गल्लीतल्या बाया हातातलं काम टाकून दारात आल्या. प्रणय ढोलकी वाजवत रडत होता. बन्सीदादा म्हणाले, "चुंबक नाय हा, मनकर्णाबाई. सोनं हाय सोनं!"

झालं! मी पुन्हा फुगलो. सांगायला काय जातंय, खरं सांगतो. सहा वर्षं गोळ्यांना जमलं नाही, पुण्याच्या यंत्राला जमलं नाही, ते आपण एका झटक्यात केलं, असं मला वाटलं. थांबवणाऱ्याला एवढा मान आजवर कुणी दिला नसेल. एवढ्या मानानं माझी मती फिरली.

प्रणयनं एकदा विचारलं, "आई, मॅडमला फोन करून विचारायचं का, गाण्यासाठी लावलं तर चालंल का म्हून?"

"आरं, मॅडमनीच तर सांगितलंय चार माणसांत बोलायचं असलं तर लावा. गाणं म्हंजे बोलणंच की."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात हातानं धरून कसं चालणार? मनकर्णाबाईनं विशाखाताईचं निळं झंपर घेतलं, आतल्या अंगानं डाव्या बाजूला एक छोटा खिसा शिवला, वाकळेच्या बारीक टाक्यांचा, उसवायचा नाही असा, आणि मला त्यात बसवलं. जागा नेमकी होती. हात सफाईदार होता तिचा.

चौदा एप्रिलला करमाडच्या मंडपात विशाखाताई सहा वर्षांनी गायली. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्या बाया तिच्या गालावरून हात फिरवून गेल्या. तो एक दिवस होऊन गेला असता आणि घरी आल्यावर मला कुणी काढलं असतं, तर आज मी तुमच्याशी असं बोलत बसलो नसतो. पण आमच्याकडची जयंती एका दिवसात सरत नाही. शहरात चौदा तारखेला होते, आणि मग गावोगावी आपापल्या सोयीनं होत राहते. या गावची पंधराला, त्या गावची वीसला, कुणाची मेच्या पहिल्या आठवड्यात, कुणाची बुद्धपौर्णिमेला जोडून. सगळ्यांनी एकाच दिवशी केली तर गायन पार्ट्या पुरायच्या कशा? म्हणून गावं तारखा वाटून घेतात. बन्सीदादांचा फोन खणखणायला लागला. विशाखा गातीय म्हणे! आम्हाला तारीख द्या!

सकाळी रियाज, दुपारी जीप, संध्याकाळी मंडप. कधी एका गावाहून थेट दुसऱ्या गावाला. मनकर्णाबाईला काळजी, की पोरगी घाईत चुंबक घालायचा विसरंल आणि भर मंडपात आवाज फाटंल. म्हणून तिनं चारही झंपरांना खिसे शिवले. धुतलेलं झंपर देताना ती स्वतः मला एकातून काढून दुसऱ्यात घालायची. इतक्या मायेनं घालायची की काय सांगू! विशाखाताई थकून यायची आणि त्याच झंपरात झोपायची. सकाळी शेजारपाजारचे यायचे, "ताई, एक कडवं म्हणा ना." मग मी तसाच आत राहायचो.

आत ते यंत्र दर पाच मिनिटांनी उठायचं. मला ते जाणवायचं. ते काम करायला उठायचं आणि मी त्याला दाबून खाली बसवायचो. एका दिवसात असं किती वेळा झालं, तुम्हीच हिशेब करा. पहिला आठवडा मला त्यात मजा वाटली. दुसऱ्या आठवड्यात शंका आली. तिसऱ्या आठवड्यात मी मनातल्या मनात ओरडायला लागलो, की अहो मला काढा, कुणीतरी मला काढा! माझ्या ओरडण्याला कोण विचारतो?

तपासणीची तारीख हुकली. मॅडमनी स्वतः फोन केला. प्रणय जीपमध्ये होता, त्यानं मोठ्यानं सांगितलं, "मॅडम, एक नंबर! गातीय ती! रोज गातीय!"

"अरे वा! खरंच?" मॅडमचा आवाज आनंदानं चढला. सहा वर्षं त्यांनीही या बाईसाठी जीव टाकला होता. त्यांनी आवाजाचं काय, चुंबकाचं काय, काहीसुद्धा विचारलं नाही. तारीख पुढं ढकलून दिली. मी विशाखाताईच्या छातीवर बसून ऐकत होतो. एवढी शिकलेली बाई, तीसुद्धा फसली.

मेच्या मध्यावर कन्नड तालुक्यातल्या एका गावात कार्यक्रम होता. दुसऱ्या गाण्याचं तिसरं कडवं विशाखाताई विसरली. लहानपणापासून पाठ असलेलं कडवं. ती तोंड उघडून नुसती समोर बघत राहिली. बन्सीदादांनी पेटीवर सूर वाढवून सांभाळून घेतलं, लोकांना काही कळलं नाही, टाळ्या पडल्या. मला मात्र तिचं काळीज लागत होतं. टाळ्यांच्या आधी ते जसं चाललं होतं तसंच टाळ्यांतही चाललं. महिन्यापूर्वी करमाडला ते धडधडलं होतं. इथं काहीच नाही.

परत येताना जीपमध्ये प्रणयनं विचारलं, "बरं हाय ना?"

"हो," ती म्हणाली.

"दमली आसंल," मनकर्णाबाई म्हणाली आणि सुनेचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

त्यानंतर चार गावं झाली. चारही ठिकाणी ती गायली. मग जयंतीचे मंडप उतरले, आणि जूनच्या एका सकाळी विशाखाताई उठलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भाकरी पुढं ठेवली की नुसती बघायची. आंघोळ नको, पाणी नको, उजेड नको. मनकर्णाबाईनं तिला उठवून नवं झंपर घातलं, मला खिशात सरकवलं आणि काकुळतीला येऊन म्हणाली, "एक ओळ म्हण, माय. म्हणलीस की बरं वाटंल तुला. आत्ता तर गात होतीस ना?"

आठवड्यानं ती कुणाला न सांगता घरातून निघाली आणि जालना रोडच्या कडेला जाऊन उभी राहिली. गाड्या सुसाट जात होत्या. गल्लीतलाच एक रिक्षावाला समोरून येत होता, त्यानं तिला ओळखलं. त्यानं रिक्षा आडवी घातली, तिला हाताला धरून बसवलं आणि घरी आणून सोडलं. मनकर्णाबाईनं तिला आत घेतलं आणि प्रणयला कामावरून बोलावून घेतलं.

त्याच दुपारी तिघं औरंगपुऱ्याला गेले. मॅडमनी सगळं काम सोडून तिला आत घेतलं. त्यांच्याकडं एक यंत्र असतं, ते छातीवरून धरलं की आतल्या यंत्रानं केव्हा काम केलं, केव्हा केलं नाही, सगळं पडद्यावर दिसतं. त्यांनी ते धरलं. पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"हे तर बंद आहे," त्या म्हणाल्या. "आत्तासुद्धा बंद आहे. एप्रिलपासून जवळजवळ सगळा वेळ बंद आहे. असं कसं होईल? चुंबक कुठंय?"

मनकर्णाबाईला प्रश्नाचा रोख कळला नाही. ती कौतुकानं पुढं झाली. "हा काय, मॅडम, छातीशीच हाय. हरवू नये म्हून म्या खिसा शिवलाय. चारी झंपरांना शिवलाय." आणि तिनं सुनेचं झंपर बाजूला करून तो खिसा दाखवला.

मॅडम खुर्चीवर बसल्या. त्यांनी रागावायला हवं होतं, म्हणजे बरं झालं असतं. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मनकर्णाबाई, दोन महिने तिला औषधच मिळालं नाही."

"पण ती गात होती की!"

"हो."

"गात होती, मॅडम! सगळ्यांनी ऐकलंय. मग बरी नव्हती का?"

मॅडमनी नकारार्थी मान हलवली. मनकर्णाबाईनं माझ्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडं पाहिलं. "म्या केलं व्हय हे?" ती म्हणाली. "ह्या हातानं?" प्रणयनं तिला धरलं. मॅडम म्हणाल्या, "चूक तुमची एकटीची नाही. मी फोनवर विचारायला हवं होतं. मीही नाही विचारलं." ते ऐकून कुणालाही बरं वाटलं नाही.

विशाखाताईला दवाखान्यात ठेवलं. यंत्र पुन्हा सुरू केलं, पण इतके दिवस बंद राहिल्यावर एकदम पहिल्याएवढी वीज देता येत नाही. अगदी खालून सुरुवात करावी लागली. प्रणयनं विचारलं, "मार्चमधी जेवढा गुण आला होता, तेवढा परत येईल ना?" मॅडम म्हणाल्या, "येऊ शकतो. येईलच असं मी सांगू शकत नाही." त्या खोटं बोलत नाहीत, म्हणून त्यांचा धाक वाटतो.

घरी आल्यावर मनकर्णाबाईनं चारही झंपरं पुढ्यात घेतली आणि खिसे उसवले. टाके तिचेच, पक्के. दुपारपासून दिवे लागेपर्यंत ती उसवत बसली होती. माझ्या पाठीवर तिनं पुन्हा सुई ठेवली नाही. मला लोखंडी कपाटाच्या बाजूला चिकटवून टाकलं. अगदीच गरज पडली तर हाताशी असावा म्हणून, नाहीतर तिनं मला नाल्यात फेकलं असतं. फेकलं असतं तर मी तक्रार केली नसती.

याला आता चौदा महिने झाले, मित्रांनो. यंत्र चालू आहे. वीज वाढवत वाढवत पूर्वीएवढी केली. मधे पुन्हा शॉकचे उपचार झाले, गोळ्या बदलल्या. विशाखाताई उठते, दिलेलं खाते, पुन्हा पडते. मार्चमध्ये आलेला गुण काही परत आला नाही. मॅडम म्हणतात, अजून थांबू, सोडायचं नाही. प्रणयनं ढोलकी माळ्यावर टाकली. यंदाच्या जयंतीला बन्सीदादा दारापर्यंत आले, "जय भीम" म्हणाले, तिच्याकडं बघत जरा उभे राहिले आणि काही न विचारता गेले.

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारची वेळ होती. प्रणय कामावर गेलेला. मनकर्णाबाई सुनेच्या खाटेशी बसून तूर निवडत होती. निवडता निवडता तिचा हात थांबला.

"माय, म्या तुझं वाटोळं केलं," ती म्हणाली. "तुझ्या गाण्याचा लई सोस होता मला. तुला गायला मिळावं म्हून..."

विशाखाताई छताकडं बघत होती. मग तिचा घोगरा आवाज आला. इतक्या महिन्यांत एवढं सलग ती पहिल्यांदा बोलली.

"आई, मला गायचं नव्हतं."

मनकर्णाबाईनं सूप खाली ठेवलं.

"यंत्र बसवल्यावर चार-पाच महिन्यांनी मला जरा बरं वाटायला लागलं होतं. सकाळी जाग आली की पहिला विचार मरणाचा यायचा. तो यायचा बंद झाला होता. खिडकीतनं ऊन आलं की कळायचं, ऊन आलंय. एवढंच. पण लई होतं ते."

"मग सांगितलं का नाय गं?"

"कसं सांगू? माझा आवाज ऐकला की तुम्ही दोघं तोंड फिरवायचे. आवाज असा घोगरा, आन मी बरी हाय म्हणले असते, तर कुणाला पटलं असतं? मग त्या दिवशी गायले. प्रणय सहा वर्षांनी पोटभर जेवला. तुम्ही शेजारणींशी हसून बोलल्या. मला आतून कळत होतं, पुन्हा खाली चाललेय म्हून. वाटलं, जाऊ दे. यांना तरी बरं वाटतंय."

"येकदा तरी बोलायचं, माय. चुंबक काढा म्हणायचं."

"तुम्ही विचारलंच नाय, आई. तुम्ही म्हणायच्या, गा."

तेवढ्यात यंत्राची पाळी आली. तिचा आवाज बसला, ठसका लागला, आणि ती भिंतीकडं तोंड करून निजली. मनकर्णाबाई तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. सुपातली तूर तशीच पडली होती. मी कपाटाला चिकटून दोघींकडं पाहत होतो. आपण त्या बाईचा आवाज मोकळा केला, असं मी इतके दिवस समजत होतो. तिला बोलायचं होतं ते त्याच आवाजाखाली दाबलं गेलं, आणि ते मला तिच्या हाडाला टेकून बसूनही कळलं नाही.

म्हणून मित्रांनो, माझी एक विनंती आहे. तुमच्या घरात, शेजारी, वर्गात कुणी असं आजारी असेल, तर ते पहिल्यासारखं हसतं का, गातं का, खेळतं का, यावरून ते बरं आहे असं ठरवू नका. आजारी माणूस तुमच्या आनंदासाठी हसूनही दाखवतो, गाऊनही दाखवतो. त्याच्याजवळ बसा आणि आत कसं वाटतंय ते विचारा. आणि तो जे सांगेल ते पुरतं ऐकून घ्या, मग त्याचा आवाज कितीही घोगरा असो. मला विचारता येत नव्हतं. तिच्या घरात ज्यांना येत होतं, ते सगळे टाळ्या वाजवत होते.